डावीकडचा पाटा

१ डिसेंबर, रविवार. त्या दिवशीचं काम एकच होतं: जीपचे पुढचे पाटे, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या पोलादी पट्ट्या, उतरवून मऊ करायचे. धारा काढून झाल्या, जीप कामात म्हणून धाकट्या दिरानं मोटारसायकलवरून दूध खाली डेअरीला नेलं, आणि मी गोठ्यापुढच्या सपाट जागेत जीप उभी करून पुढच्या दोन्ही बाजूंना जॅक लावले. आमचे सुभेदार, म्हणजे माझा नवरा, खुर्ची टाकून बसले होते. हुकूम सुरू होते.

"आधी यू बोल्टला डिझेल सोड. गंजल्यात."

"कालच सोडलंय."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

सांगितलं असतं तर त्यांना दुसरं काहीतरी सापडलं असतं. मी गाडीखाली शिरले.

शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कडेवर आमची वस्ती आहे. खाली उतरायला एकच वाट. ओढा ओलांडायचा, मग दरड आणि खोल उतार यांच्यामधून दगडांवरून जायचं. दूध, पेंड, खत, आजारी माणूस, जे काही जायचं-यायचं ते या जीपनंच. सुभेदारांनी लष्करात बावीस वर्षं ट्रक चालवले. निवृत्त झाल्यावर जुनी फोर बाय फोर जीप घेतली, मागचं अंग कापून हौदा केला आणि ती चालवायचा हक्क फक्त स्वतःकडे ठेवला. मला चालवता येत होती, दिराला येत होती. पण किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात असायची आणि मागितली तर ते अशी नजर टाकायचे, जणू आम्ही त्यांचं पेन्शन मागतोय.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय दोन-तीन महिन्यांत सुधारले. चालायला लागले, शिव्या पहिल्यासारख्या यायला लागल्या, तेव्हा गावाला वाटलं सुभेदार बरे झाले. बरे झाले नव्हते. त्यांच्या जगातून डावी बाजू गेली होती. सांगलीच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन समजावलं, "डोळे चांगले आहेत. मेंदू डावीकडचं हिशेबात धरत नाही. आणि त्यांना ते कळणारही नाही, कारण जे नाहीच, ते चुकलंय हे कसं कळणार? गाडी चालवू देऊ नका." सुभेदारांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "डाक्टरला लायसन हाय का?"

मला ते जेवणात दिसलं. ताटातली उजवी बाजू चाटूनपुसून खायचे आणि डावी बाजू तशीच. मग म्हणायचे, "आज भाजी केली न्हाईस?" भाजी ताटातच असायची. पहिल्यांदा मी सांगितलं, तर ताट भिरकावलं. तेव्हापासून मी जेवणाच्या मध्यात भाकरी वाढायचं निमित्त करून ताट अर्धं फिरवायचे. ते उरलेलं खायचे आणि ढेकर द्यायचे. वर्षभर, दोन्ही वेळा. त्यांना एकदाही कळलं नाही. मीही बोलले नाही. ताट फिरवायला काही कष्ट नव्हते.

गाडी मात्र फिरवून देता येत नाही. आठ-नऊ महिन्यांत जीपचा डावा आरसा गेला, आमच्याच गोठ्याचा कोपरा गेला, शेजाऱ्यांच्या नळाची तोटी गेली आणि एका शेळीची तंगडी. प्रत्येक वेळी सुभेदार खाली उतरायचे, चाकाकडे बघायचे आणि म्हणायचे, "गाडी डावीकडं वढती. पुढचा डावा पाटा गेलाय." भावकीतली माणसं माना डोलवायची. "व्हय की सुभेदार, पाटाच." तोंडावर सुभेदारांना खोटं पाडणारा माणूस आमच्या वस्तीत जन्मायचा आहे. ज्याची शेळी गेली तोसुद्धा म्हणाला, "शेळीच आडवी आली असंल."

त्यांना एक सवय होती, ती आता त्यांच्या कामाला आली. ते नेहमी सांगायचे की ट्रकची उजवी बाजू ड्रायव्हरची, डावी बाजू क्लीनरची. डावीकडे काय लागलं तर शिवी क्लीनरला. बावीस वर्षं त्यांच्या डाव्या बाजूला कुणीतरी खिडकीतून डोकं काढून "जाऊ द्या, जाऊ द्या" ओरडणारा असायचा. आता क्लीनर नव्हता, म्हणून शिवी पाट्याला.

एका संध्याकाळी चौघा-पाचजणांसमोर मी विचारलं, "पाटे नीट करून दिले आणि तरी गाडी डावीकडं गेली, तर?"

"तर किल्ली तुझ्या हातात. जा."

"सगळ्यांसमोर म्हणताय."

"सुभेदाराचा शब्द हाय," ते म्हणाले. दीर हसला. मी हसले नाही. मला तेवढंच हवं होतं.

माझ्या वडिलांचा हायवेला पाटे मारायचा धंदा होता. ट्रकचे मोडलेले पाटे तापवून, ठोकून, बाक देऊन पुन्हा बसवायचे. लग्न होईपर्यंत मी तिथेच वाढले. कुठला पाटा थकलाय हे मला हातात घेतल्यावर कळतं, त्यात कौतुकाचं काही नाही. भाकरी भाजली की नाही हे जसं कळतं तसंच. जीपच्या पाट्यांत खरोखर एक दोष होताच. खालच्या गावातल्या गॅरेजवाल्यानं दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे जादा घातले होते. त्याचा सगळा धंदा उसाच्या गाड्यांचा. त्याला एकच औषध माहीत: पाटा वाढव. उसाच्या खोऱ्यात गाडी म्हणजे ओझं, आणि ओझं म्हणजे कडक पाटा. डोंगरात ते उलटं पडतं. कडक पाट्याची गाडी दगडावर एक चाक चढलं की दुसरं चाक हवेत धरते, ते नुसतं गरगर फिरतं आणि गाडी उभी राहते. डोंगरात पाटा खेळता पाहिजे. एक चाक वर गेलं तरी दुसऱ्यानं जमीन सोडता कामा नये.

तर मी त्या रविवारी दोन्ही संच उतरवले. जादा घातलेले पाटे काढले, शिवाय मूळचा एक काढला. बाकीच्यांची टोकं ग्राइंडरनं गोल केली, म्हणजे एकमेकांत रुतणार नाहीत. मध्ये ग्रीस भरलं. पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपा सैल केल्या. पाटा ज्याच्यावर झुलतो ते शॅकल बोटभर लांब बनवून आणलं होतं, ते बसवलं. चाक जास्त खाली उतरणार म्हणजे ब्रेकचा पाइप ताणून तुटणार, म्हणून तोही लांबीचा घातला. धक्के झेलणारे शॉकअपही उंच घेतले. काम दोन दिवस चाललं.

दीर मदतीला होता. तो हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, रात्रीच्या खेपा मारून दिवसा घरी यायचा. झोप सोडून तो पाने-हातोडे देत बसला. स्वभावानं चांगला, भावापुढे मऊ मेणासारखा.

"वैनी, आमी घालतो तेवढं तुमी काढताय."

"तुमाला ऊस न्यायचाय. मला तुमचा दादा न्यायचाय."

"दादा उसापरीस हलका न्हाई हं," तो म्हणाला आणि खुर्चीकडे बघून जीभ चावली.

वाटेनं जाणारा शेजारी थांबला. पाट्यांचा ढीग बघून म्हणाला, "सुभेदार, बायकोनं गाडीची हाडं काढली की. आता गाडी म्हशीवानी बसंल."

"तिच्या बापानं हुंड्यात दुसरं काय दिलं न्हाई," सुभेदार म्हणाले. "पाटे ठोकायला शिकवून पाठवली."

"तेवढंच टिकलं," मी गाडीखालून म्हणाले. "बाकीचं तुमी वर्षात संपवलं."

शेजारी हसत गेला. सुभेदार संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. काम भराभर झालं.

सोमवारी दुपारी, कामापुरती मिळालेल्या किल्लीनं, मी जीप दगडांच्या ढिगावर घेतली. उजवं चाक गुडघ्याच्या वर चढलं आणि डावं खाली जमिनीला चिकटून राहिलं. दोन्ही चाकं दोन वेगळ्या गाड्यांची असावीत अशी वाकडी झाली होती आणि वरचा सांगाडा जवळजवळ सरळ. सुभेदारांनी खुर्ची उजव्या बाजूला ओढून घेतली आणि बघितलं. "हां," म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला दिलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. सूत ताणून मोजलं, चाकं सरळ होती. हात सोडून चालवली, गाडी कुठेच ओढत नव्हती. आता पाट्यावर घालायला काही उरलं नव्हतं. मी ते काम गाडीसाठी केलं नव्हतं.

मंगळवारी ओढ्याच्या चढावर चाचणी ठरली. चढाच्या डाव्या हाताला दरड, उजव्या हाताला उतार. मधोमध वळण आहे, तिथून थोडं वर मी डाव्या कडेला एक रिकामं निळं पिंप उभं केलं. पिंप सोडूनही वाट जीपला पुरून हातभर उरेल इतकी रुंद होती.

"पिंपाला गाडी लागली तर किल्ली माझी," मी म्हणाले.

"आणि न्हाई लागली तर?"

"तर जन्मभर तुमची. मी तोंड उघडणार न्हाई."

"हे लिहून घ्या रं कुणीतरी," सुभेदार म्हणाले. भावकीतले चौघं दरडीवर चढून तमाशाला बसावं तसे बसले होते. मागच्या हौद्यात दुधाचे कॅन पाण्यानं भरून ठेवायचा हुकूम सुभेदारांचाच. रोजचं ओझं हवं, नाहीतर चाचणी खरी नाही, असं त्यांचं म्हणणं. मी वर पिंपाजवळ उभी राहिले. दिराला मी खाली ठेवलं, गाडी मागे आली तर चाकामागे दगड लावायला. तेवढंच त्याचं काम होतं.

जीप ओढ्यातून निघाली आणि चढाला लागली. मी स्वतः केलेलं काम होतं, पण बघत राहिले. दगडांवर चाकं पायांसारखी पडत होती. इंजिनाला जोर द्यावा लागत नव्हता. दरडीवरून कुणीतरी शिट्टी मारली. मग चढ तीव्र झाला, मागच्या ओझ्यानं गाडीचं नाक थोडं उचललं.

आता जे झालं ते फक्त आमच्याच भागातला माणूस करू शकतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. तेव्हा माणसं धावत जाऊन पुढच्या बंपरवर उभी राहतात, वजनानं तोंड खाली दाबायला. रोजचं आहे. कारखान्याच्या रस्त्याला कुणी त्याकडे वळूनही बघत नाही. दिरानं आयुष्यभर तेच बघितलं, तेच केलं. जीपचं नाक उचललेलं दिसताच त्यानं हातातला दगड टाकला, धावत आला आणि उडी मारून बंपरवर उभा राहिला. डाव्या बाजूला. कारण तीच बाजू त्याच्या जवळ होती.

"चल दादा! चल!" तो ओरडत होता.

मी हात वर करून ओरडले, "उतरा! भावजी, उतरा!" त्याला वाटलं मीही जोर देतेय. त्यानं मला हात केला.

सुभेदारांना मी दिसत होते, उजवीकडची दरी दिसत होती. बंपरवर भाऊ उभा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. दरीपासून गाडी दूर ठेवत ते डावीकडे येत गेले. वळणावर डावं चाक दरडीला लागलं. आणि इथे माझे पाटे कामाला आले. जुने कडक पाटे असते तर चाक दरडीवर चढताच दुसरं हवेत गेलं असतं, जागच्या जागी फिरलं असतं आणि गाडी थांबली असती. आमच्या वाटेवर तसं शंभरदा झालं होतं. यावेळी डावं चाक दरडीवर चढलं, उजव्यानं जमीन सोडली नाही, आणि गाडी थांबली नाही. बंपर दरडीवर घासत गेला. त्याच्या आणि दगडाच्या मध्ये दिराचा पाय होता.

ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. तो दरडीवर आडवा पडला आणि मागचं चाक त्याच्या शेजारून गेलं. वरचे चौघं उठून उभे राहिले. एकानंही "थांबा" म्हटलं नाही. जीप तशीच वर आली, मी बाजूला झाले, पिंपाला धक्का बसला आणि ते गडगडत खाली गेलं.

सुभेदारांनी सपाटीवर गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि खिडकीतून मान बाहेर काढली. चेहरा खुललेला. "बघ! वढली का? कुठं गेलं तुझं पिंप? लागलं का?"

मी खाली पळत होते.

"भाऊ ओरडतोय तुमचा," मी म्हणाले.

"ओरडंल न्हाईतर काय! त्याला तरी आनंद झाला."

पायाला दोन फळ्या लावून, साडीनं बांधून दिराला हौद्यात पोत्यांवर झोपवलं. पाण्याचे कॅन आधी ओतून टाकले. आरडाओरडा ऐकून धावत आलेली जाऊ त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. मी सुभेदारांच्या पुढे हात केला. भावकी बघत होती, म्हणून त्यांनी किल्ली दिली, पण बोलून दिली: "घाईत हाय म्हणून देतोय." आणि डावीकडच्या सीटवर बसले.

त्याच वाटेनं मी गाडी खाली घेतली. दगडांवरून इतकी मऊ उतरली की मागे दिराला एकही जोराचा हिसका बसला नाही. तेवढं काम चांगलं झालं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. सुभेदार सांगलीपर्यंत बोलत होते. बंपरवर उभं राहायला कुणी सांगितलं होतं? दरड पावसाळ्यात सरकलीय, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आणि तुझा डावा पाटा अजून कडक हाय.

मागून जावेचा आवाज आला, "आक्का, तुमाला गाडी मऊ करायचं खूळ कुठनं आलं? माझा नवरा सापडला ना त्यात."

"पाट्यात न्हाई सापडला," मी म्हणाले.

"मग कशात?"

मी गिअर बदलला. उत्तर माझ्या डावीकडे बसलं होतं आणि अजून बोलत होतं.

हाडांच्या डॉक्टरनं फोटो काढले. गुडघ्याखाली दोन ठिकाणी तुटलंय, सळई घालावी लागेल, घोटा पूर्वीसारखा वाकणार नाही. "काय करतात हे?"

"ट्रॅक्टर चालवतात."

"डावा पाय आहे. क्लचचा." डॉक्टरनं कागदावरून मान वर केली नाही. "दुसरं काम बघा म्हणावं."

दिराला हे जावेनं सांगितलं. तो छताकडे बघत पडला होता. मला म्हणाला, "वैनी, गाडी लय भारी झाली पण." मग म्हणाला, "दादाला काय बोलू नगा. त्यानं बघितलं न्हाई."

"बघितलं न्हाई हे खरं आहे," मी म्हणाले.

जाऊ दवाखान्यात राहिली. परत येईपर्यंत अंधार पडला होता. अंगणात भावकी जमलेली. सुभेदार खाली उतरले, सगळ्यांकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"किल्ली."

"पिंप पडलं," मी म्हणाले. "ठरलं होतं."

"कुठलं पिंप? मी गाडी वर आणली तवा तिथं पिंप बिंप काय नव्हतं. इचार ह्यास्नी." त्यांनी भावकीकडे वळून विचारलं, "व्हतं का रं?"

चौघंही तिथेच होते. पिंप गडगडत त्यांच्या पायाखालून गेलं होतं. एकजण खाकरला. दुसरा म्हणाला, "सुभेदार, त्या गडबडीत कुणाचं ध्यान असतंय?" आणि तंबाखू मळायला लागला.

"किल्ली दे," सुभेदार म्हणाले. "उद्या दूध मीच नेणार. भाऊ पडला म्हणून घर थांबत न्हाई."

"सकाळी देते."

"नक्की?"

"शब्द आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढल्या. दिराच्या दोन म्हशींच्याही मीच काढल्या. चूल पेटवली, भाकरी थापल्या, पिठलं केलं, दोन अंडी उकडली. चौकशीला भावकीतले तेच चौघं आले होते, त्यांना ओट्यावर चहा दिला. सुभेदार अंघोळ करून, बंडी घालून त्यांच्यात बसले. मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. उजव्या बाजूला भाकरी आणि पिठलं. डाव्या बाजूला सोललेली अंडी, आणि अंड्यांच्या शेजारी जीपची किल्ली.

चौघांचंही ताटाकडे लक्ष गेलं. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

सुभेदार जेवले. पिठलं पुसून घेतलं. मी दुसरी भाकरी वाढली, पण ताट फिरवलं नाही.

"आज अंडं न्हाई?"

"आहे."

"कुठाय? आणि किल्ली? सकाळी देते म्हणालीस."

"दिली. ताटात आहे."

त्यांनी ताटाकडे बघितलं. भाकरी उचलून खाली बघितलं. वाटी हलवली. पंजा पसरून ताटात फिरवला, उजव्या अर्ध्यात, पुन्हा पुन्हा. "चेष्टा करतीस?" ते म्हणाले आणि चौघांकडे वळले. "बघा रं. दिसती का तुमाला तरी?"

एकानं तोंड उघडलं आणि कपाकडे बघत मिटलं. तंबाखूवाला उठून अंगणात गेला. तिघंजण खाली मान घालून बसले, आणि बोलणारं कुणीच नाही हे सुभेदारांना तेवढं दिसलं. त्यांचा पंजा ताटात थांबला. ते उजवीकडे बघत राहिले.

मी वाकून त्यांच्या समोरून किल्ली उचलली. तिला लागलेला अंड्याचा ओलावा पदराला पुसला, कॅन हौद्यात चढवले आणि डेअरी बंद व्हायच्या आत खाली उतरले.